मास्तरांचा नवा कोट

"कोट पुढून लोंबतोय, मागून वर चढलाय! डोळे मिटून शिवलास का रे?" निवृत्त ड्रिलमास्तरांनी नवा कोट टेलरच्या टेबलावर आपटला. रविवारी जुने विद्यार्थी त्यांच्या 'ताठ कण्याचा' सत्कार करणार होते. असला कोट घालून गेलं तर चाळीस वर्षांची इभ्रत मातीत जाणार होती.

"जुन्याच मापानं शिवलाय," टेलर म्हणाला. "नवं माप घेऊ दिलंत कुठं तुम्ही?"

"माझं माप बदलत नसतं!"

"कोटाला कशाला बोल लावता?" सोबत आलेल्या त्यांच्या बायको, मास्तरीणबाई, म्हणाल्या. "आधी भिंतीला पाठ लावून उभे राहा बघू."

टेलरनं टेप लावली. वहीतल्या मापाशी ताडलं, तर दहा वर्षांत मास्तर उंचीला दोन इंच कमी झाले होते.

"टेप ताणली गेलीय तुझी!"

टेलरनं कोरी टेप काढली. आता सव्वादोन भरले. मग मास्तरीणबाईंनी त्यांना दंडाला धरून थेट डॉक्टरकडे नेलं. हा डॉक्टरही एकेकाळी मास्तरांच्या हातच्या छड्या खाल्लेला.

"सर, उंची घटली म्हणजे हाडं तपासायला हवीत."

"हाडं ठिसूळ व्हायची ती बायकांची! हिला तपास. मी हिला बादलीसुद्धा उचलू देत नाही."

"पाळी गेल्यावर बायकांना धोका जास्त, खरंय. पण म्हणून पुरुष सुटत नाहीत. सिगारेट?"

"आठ रोज."

"बारा," बाई म्हणाल्या.

"दूध, दही?"

"शी!"

"दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या?"

"वर्षानुवर्षं."

"व्यायाम?"

"खुर्चीत बसून दुसऱ्यांना सांगतात."

"वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं का?"

"तुला रे कसं कळलं?"

"अहो, अभिनंदन!" बाई म्हणाल्या. "पैकीच्या पैकी मिळवलेत."

दोघांची तपासणी झाली. बाईंची हाडं वयाच्या मानानं ठणठणीत निघाली, मास्तरांचे मणके खचलेले. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. हाडांचं काय व्हायचं ते होवो, रविवारी पोरांना तोंड कसं दाखवायचं, या काळजीनं त्यांना जेवण जाईना.

रविवारी वक्त्यानं ताठ कण्याचा सहा वेळा उदोउदो केला. सातव्या वेळी मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी माइक हिसकावला.

"तो कणा खचलाय! माझ्याच सिगारेटनं आणि आळसानं! तुम्ही तरी शहाणे व्हा. ओढणारे सगळे, एक पाऊल पुढे!"

आवाज तोच, जुना. टकलं पडलेली, पोटं सुटलेली पोरं खाडकन उठली आणि विचार करायच्या आत अर्धा हॉल पुढे सरकला. सगळ्यांच्या पुढे, छाती काढून, डॉक्टर उभा होता.