बैलजोडीची मक्तेदारी

ज्या बाजारात फसवणाऱ्याचं तोंड दिसतं, तो बाजार मागासलेला समजावा. बेल्ह्याचा बैलबाजार पिढ्यान्‌पिढ्या असा मागासलेला होता. व्यापारी समोर बसायचा, उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा, आणि फसवलंच तर पुढच्या बाजाराला शिव्या खायला त्याच जागी हजर असायचा. ही दुरवस्था आता संपली. बाजार मोबाइलवर आला आणि त्यावर नजर ठेवायला मंचरात 'डिजिटल बाजार न्याय्यता कक्ष' उघडला. (कक्षाला खिडकी नाही, पारदर्शकता आहे.)

कक्षाकडे एक उत्तम कायदा आहे. तो मुळात मोठ्या परदेशी कंपन्यांसाठी केला. या कंपन्या फोनबरोबर नको असलेली ॲप्स गळ्यात मारतात. म्हणून कायदा म्हणतो की, बाजारावर वर्चस्व असलेल्या विक्रेत्याने एका वस्तूबरोबर दुसरी घेण्याची सक्ती करू नये. कंपन्यांना हे इतकं पटलं की त्यांनी वकिलांची फौज पाठवून स्वतःपुरती सवलत मिळवली. आता एवढा चांगला कायदा काय गंजत ठेवायचा?

त्याच सुमारास बेल्ह्याच्या बाळाबाईंनी हरण्या आणि पाखऱ्या ही आपली बैलजोडी ॲपवर विकायला काढली. गुडघे गेले होते, चारा आणवत नव्हता. अट एकच, जोडी फोडायची नाही. आणे पठारावरचे सावळाराम जोडीच घ्यायला तयार होते. त्यांच्या वावरात ट्रॅक्टर चढत नाही. देणारी खूश, घेणारा खूश. असा व्यवहार कक्षाला स्वाभाविकपणेच संशयास्पद वाटला.

दोघांना मंचरला बोलावण्यात आलं. नियमन अधिकारी सुदर्शन हे सुस्वभावी गृहस्थ. (बैलांविषयी त्यांचा कोणताही पूर्वग्रह नाही; परिचयही नाही.)

"मावशी, एकाबरोबर दुसरा घ्यायची सक्ती का करता?"

"सक्ती न्हाई, भाऊ," बाळाबाई म्हणाल्या. "हरण्या डावीकडं चालतो, पाखऱ्या उजवीकडं. एक नसला तर दुसरा वैरणीला तोंड लावत न्हाई. लई जीव हाय एकमेकांवर."

"म्हणजे दोन्ही वस्तू स्वतंत्रपणे चालू नयेत, अशी रचना तुम्हीच केलीत." सुदर्शन यांनी लिहून घेतलं.

"सायेब, मलाच दोन पायजेत," सावळाराम म्हणाले. "एका बैलावर नांगर कसा धरू?"

"ग्राहकाची दिशाभूल किती खोल गेलीय बघा," सुदर्शन हळहळले.

राहिला वर्चस्वाचा प्रश्न. तोही चटकन सुटला. जगातले सगळे हरण्या आणि सगळे पाखऱ्या, म्हणजे एकूण दोन, बाळाबाईंच्याच दावणीला होते. बाजारातला हिस्सा शंभर टक्के. एवढी मक्तेदारी कुठल्याही परदेशी कंपनीला आजवर साधलेली नाही. बाळाबाईंना सवलत मागता आली असती. तशी सोय आहे. (इंग्रजीत आहे.)

आदेश निघाला. बैल वेगवेगळे विकावेत. सावळाराम दोन्हींवर बोली लावायला गेले तेव्हा ॲपने त्यांना संगनमताच्या संशयावरून बाहेर काढलं.

"नवरा-बायकूला बी असंच करता का वो?" बाळाबाईंनी विचारलं.

"तो विभाग वेगळा आहे," सुदर्शन म्हणाले.

हरण्या डिंभ्याला गेला. टेम्पो निघाला तेव्हा पाखऱ्याने दावं तोडलं आणि मागे धावत सुटला. हायवेवरून त्याला चौघांनी धरून आणलं. बाळाबाई दावणीतल्या हरण्याच्या रिकाम्या जागेपाशी बसून राहिल्या. मी तिथंच होतो. मला फार वाईट वाटलं. निष्पक्ष निरीक्षकाला हे शोभत नाही, पण वाटलं. पाखऱ्या चारा खात नव्हता. ॲपने बाळाबाईंना विचारलं, व्यवहार कसा वाटला, तारे द्या.

वाचकहो, कक्षाला दोष देऊ नका. आपल्याकडे लोकशाही आहे. कायद्याचा मसुदा आधी जनतेपुढे ठेवला होता, हरकती मागवल्या होत्या. एकही आली नाही, म्हणून तो एकमताने संमत झाला. ती सूचना तुमच्याही फोनवर आली होती. तुम्ही न वाचता 'मान्य' दाबलंत, कारण तिच्यामागे एक व्हिडिओ अडकला होता. शर्यतीच्या घाटात धावणाऱ्या बैलजोडीचा. त्याला तुम्ही बदाम दिलात.