दार जरासंच घासत होतं

आमच्या सूनबाईंना एक वाईट खोड आहे. चालतं काम थांबवायचं. कॉम्प्युटरच्या पोटात एक मूळ यंत्रणा असते, तिला कर्नेल म्हणतात. तिचे तुकडे जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून लिहितात आणि आमच्या सूनबाई ते रोज एकत्र जोडतात. एक तुकडा जोडला की सगळं बांधून, चालवून बघायचं, मग पुढचा. मधेच पडद्यावर एखादी ओळ उमटली की बाई हातातला चहा खाली ठेवतात. वॉर्निंग आली!

"मोडलं का काही?" मी विचारते.

"नाही आई. नुसती वॉर्निंग आहे."

"म्हणजे चालतंय."

"आज चालतंय. उद्या त्यावर दुसऱ्या कुणाचा तुकडा बसला की मोडेल."

मग ज्याचा तुकडा त्याला पत्र आणि बाकी सगळ्यांना त्याची प्रत. तुमच्यामुळे झालं, बघा. मी चौथीतून शाळा सोडली, पण चारचौघांत कुणाचं नाव घेऊ नये एवढं मलाही कळतं. मी घेते, ते वेगळं. वयाला तेवढी सवलत असते.

गेल्या महिन्यात मी बाथरूम नवं करायला काढलं. जाऊबाईंनी त्यांचं केलं होतं, म्हणून. हे कारण लिहायचं नव्हतं, पण आता लिहून गेले.

फरशीवाल्यानं जुन्या फरशीवरच नवी बसवली. "मावशी, जमीन बोटभर वर आलीय हां, दाराचं बघा," म्हणाला. मी म्हटलं, तुझी फरशी सरळ आहे ना, मग दाराची काळजी सुतार करील. मंगळवारी सुतारानं दार खालून तासलं आणि मान वाकडी करून म्हणाला, "बसलंय, पण जरासं घासतंय." घासतंय म्हणजे बसलंयच की! गुरुवारी रंगारी कडांना दोन जाड हात मारून गेला. जाता जाता तोही दाराबद्दल काहीतरी सांगत होता, पण तोवर मी पंखा लावला होता.

तिघांचं काम मी जातीनं तपासलं. फरशीवर बादलीभर पाणी ओतलं, दार उघडमीट केलं, रंगावर नख ओढलं. तिन्ही पास.

"आई, तिन्ही एकत्र तपासलंत का?" सूनबाईंनी विचारलं.

"एकत्र म्हणजे? वेगवेगळ्या घरांत बसवलंय का?"

शनिवारी चार वाजता जाऊबाई बघायला येणार होत्या. साडेतीनला मी एक नवं जाडजूड पायपुसणं आत टाकलं आणि केस सारखे करावेत म्हणून दार लावून घेतलं. कुरकुरलं. मी जोर लावला. लागलं.

आमचं दार आतल्या बाजूला उघडतं. उघडायला गेले, तर दोन बोटं येऊन थांबलं. आणखी ओढलं, तर पुढे ना मागे. मी हाका मारल्या. सूनबाई धावत आल्या. वाटलं, आता धक्का मारील. कसलं काय!

"आई, ओढू नका. आधी सांगा, शेवटचं नीट कधी उघडलं होतं?"

"अगं, मला बाहेर काढ!"

"सकाळी उघडत होतं?"

"होतं. तो मेला सुतार..."

"सुतार मंगळवारी गेला. त्यानंतर रोज उघडलंय. तो नाही."

"मग रंगारी!"

"काल दिवसभर आपण सगळ्यांनी वापरलं. तोही नाही. आज सकाळनंतर काय बदललं?"

मी आजूबाजूला बघितलं. आत मी, आरसा आणि पायपुसणं, एवढेच होतो. आरसा जागचा हललेला नव्हता.

"आई?"

"हळू बोल."

"काय केलंत?"

"पायपुसणं," मी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"पायपुसणं! मी टाकलं! फरशीवाला म्हणाला वर आलीय, सुतार म्हणाला घासतंय, रंगाऱ्याचं मी ऐकूनच घेतलं नाही! तिघांनाही मी हाकललं! झालं समाधान?"



"आता दार बाहेरच्या बाजूला दाबून धरा आणि पायपुसणं आत ओढा."

दाराखाली त्याची घडी होऊन पाचर बसली होती. दोनदा हिसडा दिला, तेव्हा निघालं. दार करकरत उघडलं. समोर सूनबाई. तिच्या मागे खुर्चीवर जाऊबाई, हातात चहाचा कप. कप अर्धा संपला होता.

"लवकरच आले गं," त्या म्हणाल्या. "पण तुझं रंगात आलं होतं, मधे तोंड घातलं नाही."

मी केसांवरून हात फिरवला. ज्यासाठी दार लावलं होतं, ते राहूनच गेलं होतं.

जाऊबाईंनी फरशी बघितली, दार बघितलं, मग वाकून दाराची खालची कड बघितली. आवाज उतरला. "आमचंही घासतं. दोन महिने झाले. मी दार लावतच नाही. आत बसून गाणं म्हणते, म्हणजे घरच्यांना कळतं."

एवढी वर्षं मी या बाईंच्या बरोबरीला यायला धडपडत होते. आले.

मी सूनबाईंकडे वळले.

"तुझी खोड वाईटच आहे," मी म्हटलं. "पण उद्या सुताराला बोलव, आधी आमच्याकडे, मग यांच्याकडे. तोवर या घरात कुणी दार लावायचं नाही. आणि ते तुझं पत्र लिहिशील ना सगळ्यांना, त्यात माझं नाव पहिलं घाल. फरशीवाल्याच्या खाली मी यायची नाही!"