चिप लांबट का झाली?

आमचे शेजारी नामाकाका यांच्या घरात गावदेवीच्या तसबिरीशेजारी कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचे दोन फोटो चिकटवलेले आहेत. इंग्रजी मासिकातून कापलेले. जुनी चिप चौकोनी, नवी लांबट. ती लांबट का झाली, हा प्रश्न अख्ख्या पनवेलात फक्त नामाकाकांना पडलेला आहे.

काकांनी जन्मभर मासळीबाजारात बर्फ विकला. घरात कॉम्प्युटर नाही. पण भिंग घेऊन फोटोसमोर उभे राहिले की म्हणणार, "कारन हाय! उगाच कोन लांबट होत नाय."

कारण मात्र आठवड्याला बदलतं. एकदा म्हणाले, "मधी कोनाची तरी विहीर आली असंल. त्यानी बुजवू दिली नाय." आमच्याकडचे रस्ते असेच वळलेले आहेत म्हणा. पुढच्या आठवड्यात निकाल फिरला. "भावांची लग्ना झाली. एकेक खोली वाढवली, घर लांबला."

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. शास्त्राची ही विटंबना मला बघवेना. शेवटी शोधाशोध करून मी काकांना समजावलं, की पूर्वी पडद्यावरच्या चित्रांचं काम वेगळी चिप करायची. आता तेही ह्याच चिपच्या टोकाला आणून बसवलंय, म्हणून बहुधा ती लांबली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

रविवारी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. बंगळूरहून त्यांच्या मुलाचा, निलेशचा फोन आला. तो चिपा बनवणाऱ्या कंपनीत आहे. हल्ली गावदेवीच्या जत्रेलाही येत नाही.

"जेवलास?"

"हो."

"बरा हायेस ना?"

"हो. ठेवू?"

"आयक ना," काका घाईने म्हणाले, "त्या चिपच्या मधी विहीरच आली असंल."

निलेश इतका ओरडला की मलाही ऐकू आलं. "बाबा, विहीर कसली? कितींदा सांगू?" आणि तो सांगत सुटला. काका डोळे मिटून नुसते "हां, हां" करत होते. त्यांच्या चहावर साय धरली.

फोन संपल्यावर मी वैतागून म्हटलं, "अहो, खरं कारण मी सांगितलं होतं ना?"

"तुज्या आधी त्यानीच सांगितलेला," काका म्हणाले. "एकदा मी बरोबर बोललो. तो 'बरोबर' बोलला न् फोन ठेवला."

काका सदऱ्याने भिंग पुसत होते.

"तुज्याकडं एकादा चुकीचा कारन हाय का रं? माजी संपत आली."