तंग सैल करा!

रविवारी दुपारी इंग्रजी सिनेमाला जायचं, एवढंच ठरलं होतं. एवढ्याशा गोष्टीपायी माणूस भिंतीवर कसा चढतो (भिंतीवर म्हणजे खरोखरच भिंतीवर) ते सांगतो. पण आधी येसाजीरावांचा राग सांगायला हवा, कारण म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या त्या घरात गेलं की येसाजीरावांच्या आधी त्यांचा रागच भेटायचा.

येसाजीराव कचेरीत हेडक्लार्क. सकाळी दूध पातळ म्हणून चिडायचे, दुपारी डबा गार म्हणून चिडायचे, आणि संध्याकाळी चिडण्यासारखं काही सापडलं नाही की त्याचाच राग यायचा. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. पणजोबांची तलवार दसऱ्याला पूजेपुरती बाहेर निघायची. पणजोबांचा राग मात्र बारा महिने वापरात होता.

घोड्याविषयी येसाजीरावांना सगळं ठाऊक होतं. दाणा कधी, खरारा कसा, खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा तो पट्टा, कधी घट्ट करायचा आणि कधी सैल. सगळं वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. टांग्यात मात्र ते कायम मागच्या बाजूला बसत. "पुढे ऊन लागतं," म्हणायचे. (पावसाळ्यातही पुढे ऊन लागायचं.)

तर या रागाने घरातल्या मुलीचं, वनजाचं, एक लग्न आधीच खाल्लं होतं. गेल्या वर्षी सरगूरचं चांगलं शेतीवाडीवालं स्थळ आलं होतं. मुलाचा काका बोंडा खाता खाता म्हणाला, "घोडदळात? मोतद्दार असतील हो. लीद काढायलाही माणसं लागतातच की." पुढचं येसाजीरावांना नीटसं आठवत नाही. बोंड्यांची बशी चटणीसकट काकाच्या मांडीवर सापडली, आणि स्थळ सरगूरच्या पहिल्या बसने परत गेलं.

आताचं स्थळ खंडोजीरावांच्या मुलाचं. मुलगा संताजीराव बेळगोळच्या एका कारखान्यात इंजिनियर. वनजाला तो आवडला होता. तसं ती बोलली नव्हती, पण भांडी विसळताना गुणगुणायला लागली होती, आणि तिच्या आईला, सुमित्राबाईंना, तेवढं पुरे होतं. अडचण एकच. खंडोजीराव रिटायर झाल्यापासून एक चित्ररसिक संघ चालवत होते. लक्ष्मीपुरमच्या एका हॉलमध्ये स्वतःच्या प्रोजेक्टरवर जुने सिनेमे दाखवायचे. त्यांनी निरोप धाडला होता : पत्रिका राहू द्या, रविवारी सगळे सिनेमाला या. माणूस कसा आहे ते सिनेमा बघताना कळतं. मग काय ते सांगतो.

"ही काय परीक्षा झाली?" येसाजीराव कडाडले. "मुलगी बघायची का मुलीचा बाप?"

"तुमच्या बाबतीत बापच बघायला हवा," सुमित्राबाई म्हणाल्या. "हे बघा, हॉलमधून बाहेर पडेपर्यंत आवाज चढवायचा नाही. चामुंडीची शपथ आहे तुम्हाला."

"आणि कुणी लीद काढली तर?"

"तरी सुम्ने बसायचं. तोंडातून शब्द नाही. माझी पोर काय तुमच्या रागाला वाहिलेली नाहीय."

एवढं बोलून त्या साडी नेसायला गेल्या. येसाजीरावांनी काळी टोपी घातली, छत्री घेतली आणि टांग्यात मागे बसले.

हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं होती. खंडोजीरावांनी त्यांना मानाने मधोमध बसवलं, स्वतः मागे प्रोजेक्टरपाशी गेले, संताजीरावांनी दिवे मालवले, आणि पहिल्याच मिनिटाला येसाजीरावांना राग आला.

"अगं, हे काळं-पांढरं कसं?"

"जुना आहे तो," सुमित्राबाई कुजबुजल्या.

"सोयरीक जुळवायला बोलावतात आणि पानात शिळं वाढतात?"

सुमित्राबाईंनी दंडाला चिमटा काढला. जुना, घरच्या वळणाचा चिमटा. येसाजीरावांनी मान पडद्याकडे वळवली.

पडद्यावर एक वाळका, उंच माणूस कमरेला बंदूक लावून घोड्यावरून एका धुळकट गावात आला. गाव कसलं, एक रस्ता आणि दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांची घरं. त्याने एका विधवा बाईच्या खानावळीसमोरच्या आडव्या दांड्याला घोडा बांधला आणि आत गेला. घोडा उन्हात उभा. येसाजीराव खुर्चीत पुढे सरकले.

"तंग," ते म्हणाले.

"काय?"

"तंग सैल केला नाही त्याने! घोडा घामाने निथळतोय, पाणी नाही दाखवलं, तंग नाही सोडला, आणि हा शहाणा आत जाऊन कॉफी पितोय!"

"दारू आहे ती, बाबा," वनजा म्हणाली. (त्या लोकांचं इंग्रजी कचेरीतल्या इंग्रजीसारखं नव्हतं, म्हणून ती कानाशी मराठी करून सांगत होती.)

"म्हणजे आणखीच बघायला नको!"

एवढ्यात रीळ संपलं आणि दिवे लागले. रीळ बदलता बदलता खंडोजीरावांनी चष्म्यावरून येसाजीरावांकडे पाहिलं. येसाजीराव हसले. सवय नसल्यामुळे दाढ दुखत असल्यासारखं दिसलं.

"बरं वाटतंय ना?" खंडोजीरावांनी विचारलं.

"उत्तम," येसाजीराव म्हणाले, आणि छत्रीची मूठ अशी आवळली की तिचा खिळा निघाला.

दुसऱ्या रिळात गावचा गुंड आला. शेकडो गुरांचा मालक, पोट सुटलेला, तोंडात चिरूट. त्याने त्या वाळक्या माणसाच्या टोपीत राख झाडली. माणूस गप्प. बुटावर थुंकला. माणूस गप्प. गावकरी आपापल्या दारात उभे राहून बघताहेत आणि कुणी हूं की चूं करत नाही. येसाजीरावांची कानशिलं तापली. सरगूरच्या काकाने फक्त लीद म्हटलं होतं, इथे तर माणसाच्या अंगावर थुंकत होते!

"हा षंढासारखा बसलाय काय? याला काय बायकोने शपथ घातलीय?"

वनजा जरा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "हो बाबा. त्याची बायको वारली ना, तिला वचन दिलंय त्याने. पुन्हा कुणावर हात उचलणार नाही म्हणून."

येसाजीराव थंडच झाले. सुमित्राबाईंनी अंधारात मान हलवली. (ती हलल्याचं येसाजीरावांना न बघता कळलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती.)

त्यानंतर पडद्यावर नुसता त्या माणसाचा चेहरा आला. हॉलच्या भिंतीएवढा. एका गालावर ऊन, दुसऱ्यावर टोपीची काळी सावली, आणि उन्हातल्या गालावरची एक शीर थडथड उडत होती. ती शीर येसाजीरावांच्या ओळखीची होती. दाढी करताना रोज आरशात दिसायची. रंग असते तर टोपी कुठल्या रंगाची आणि सदरा कुठल्या, यातच नजर फिरली असती. इथे बघायला दुसरं काहीच नव्हतं. एक शीर आणि तिच्यामागे गिळलेला राग. अख्ख्या हॉलमध्ये या माणसाचं दुःख कळणारा आपण एकटेच आहोत, असं येसाजीरावांना वाटलं. छत्री मांडीवर घेऊन ते सुम्ने बसले. सिनेमा शिळा आहे हे ते पार विसरले.

आणि तेवढ्यात त्या गुंडाने चाबूक काढून त्या माणसाच्या घोड्याला मारलं. बांधलेल्या घोड्याला!

"अरे मुडद्या!"

येसाजीराव उठले होते. छत्री वर होती. "हात लावून बघ पुन्हा! तंगडं मोडून हातात देईन! आणि तू रे, बघत काय उभा राहिलायस? मघापासून सांगतोय, तंग सैल कर, तंग सैल कर, कान फुटलेत का तुझे?"

मधोमध बसण्याचा मान असा की प्रोजेक्टरचा उजेड नेमका डोक्यावरून जातो. त्या धुळकट रस्त्यावर, गुंडाच्या अगदी समोर, टोपी घातलेली आणि छत्री उगारलेली एक भलीमोठी काळी सावली उभी राहिली. गुंड तिच्यापुढे एवढासा दिसत होता. मागच्या रांगेतून कुणीतरी टाळ्या पिटल्या.

प्रोजेक्टर बंद पडला. दिवे लागले.

सुमित्राबाईंनी पदर तोंडाला लावला होता. वनजा मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. येसाजीरावांची छत्री हळूहळू खाली आली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या रागाची भीती वाटली. पुन्हा तेच केलं आपण. पोरीने महिनाभर गुणगुणलेलं एका ओरडण्यात घालवलं. तिच्याकडे बघायचा त्यांना धीर होईना.

खंडोजीराव खुर्च्या ढकलत येत होते. चेहरा लालबुंद.

"कोण ओरडलं?"

"मी," येसाजीराव म्हणाले. "चूक माझी आहे, खंडोजीराव. मुलीची नाही. ती आईवर गेलीय."

"चूक?" खंडोजीरावांनी समोरच्या खुर्चीवर असा हात आपटला की ती उलटली. "अहो, किती वर्षं दाखवतोय मी हा सिनेमा! हे लोक येतात, उप्पिट्टू खातात, 'छान होता' म्हणतात आणि घरी जाऊन झोपतात. बांधलेल्या जनावराला मारतात आणि हे जांभया देतात! एक माणूस चिडला नाही आजवर, एक! मला असा राग येतो, असा राग येतो, की..." आणखी एक खुर्ची उलटली. मग त्यांनी येसाजीरावांचे दोन्ही हात धरले. "तुम्ही पहिले. मुलगी आमची झाली. पत्रिका गेली चुलीत!"

वनजाने मान वर केली. दिव्याच्या बटणापाशी संताजीराव उभ्या उभ्या लाल झाले. सुमित्राबाईंनी तोंडावरचा पदर डोळ्यांना लावला.

"ते राहू द्या हो!" येसाजीराव खेकसले. "लग्नाचं मागून बोलू. आधी दिवे घालवा. त्या घोड्याचं काय झालं?"

अडलेलं रीळ पुढे सरकलं, मग शेवटचं लागलं. वाळका माणूस चालत गुंडापाशी गेला. त्याने गुंडाच्या हातातला चाबूक काढून घेतला, गुडघ्यावर मोडला आणि परत फिरला. हात उचललाच नाही. घोड्यापाशी आला, मानेवरून हात फिरवला, खाली वाकला आणि सावकाश तंग सैल केला. खोगीर उतरवून दांड्यावर ठेवलं. खानावळवाली विधवा बाई पाण्याची बादली घेऊन दारात उभी होती. संपला सिनेमा.

येसाजीरावांनी नाक पुसलं. "म्हणजे राहणार तो इथे," ते म्हणाले. "कुठल्याही क्षणी निघून जायचं होतं, म्हणून इतका वेळ सैल केला नव्हता. आणि मी मेला उगाच शिव्या घालत बसलो त्याला."

खंडोजीरावांनी कपाळावर हात मारला. "अय्यो देवा! हे माझ्या आजवर ध्यानात नाही आलं. मी आपला दर वेळी त्याच्या बंदुकीकडे बघत होतो."

"रक्तात असावं लागतं," येसाजीराव छाती काढून म्हणाले. "पणजोबा आमचे घोडदळात होते."

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण माणूस रंगात आला की थांबतो थोडाच! पायऱ्यांपर्यंत येताना त्यांनी दाणा, खरारा, नाल, सगळं सांगून टाकलं. मंडळी ऐकत मागोमाग आली. फाटकाशी त्यांचा येतानाचाच टांगा उभा होता. टांगेवाला कॉफीला गेला होता आणि घोडा एकटाच उन्हात, जुंपलेला.

खंडोजीराव कळवळले. "बघा, यालाही कुणी पट्टा सैल केलेला नाही! येसाजीराव, तुमच्याच हाताने करा. आमच्या संताजीलाही बघू द्या."

सगळी मंडळी गोल करून उभी राहिली. सुमित्राबाई पुढे होऊन म्हणाल्या, "अहो, उशीर होतोय ना?" त्या माउलीने शेवटपर्यंत नवऱ्याला वाचवायचा प्रयत्न केला. पण येसाजीराव निघाले होते. दोन पावलं चालले. तिसरं अर्धंच टाकलं. मग लांबूनच छत्रीच्या टोकाने पोटाखालचा पट्टा चाचपू लागले. घोड्याने मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि शिंकला.

येसाजीराव कंपाउंडच्या भिंतीवर कसे पोहोचले ते कुणी पाहिलं नाही. टोपी खाली होती, छत्री घोड्याच्या पायाशी होती, आणि ते वर, दोन्ही पाय पोटाशी घेऊन बसले होते.

मग वनजा पुढे गेली. तिने घोड्याच्या मानेवर थाप मारली, वाकली आणि पट्टा सैल केला. (ती रोज शाळेत शिकवायला टांग्यानेच जायची. पुढे बसून.) संताजीराव न सांगताच पाण्याची बादली घेऊन आले.

खंडोजीरावांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा भिंतीवर पाहिलं.

"रक्तात असतं हे खरं," ते म्हणाले. "मधली एक पिढी गाळून उतरतं, एवढंच."

येसाजीराव चिडले नाहीत. चिडायला आधी खाली उतरावं लागलं असतं, आणि खाली घोडा होता.