बाळकोबाचं दुपारचं जेवण

एका जंगलात, मुलांनो, एक साळिंदर राहायचं. कुठल्या जंगलात ते विचारू नका. सांगितलं तर तुम्ही तिथे सहलीला जाल आणि वेफर्सची पाकिटं टाकून याल.

साळिंदराचं नाव बाळकोबा. अंगभर काटे, पण मन लोण्याचं. सगळे त्याला लांबूनच नमस्कार करत. जवळ कोण घेणार? घेई फक्त एक, भागूआक्का अस्वल. तिचे केस इतके दाट की काटे आतवर पोचतच नसत. बाळकोबा दिसला की ती त्याला पोटाशी धरी आणि म्हणे, "किती वाळलास रे!"

तो वाळलेला मुळीच नसे. पण ऐकायला बरं वाटे.

एका रविवारी आक्काने बाळकोबाला आणि सर्जेराव वानराला जेवायला बोलावलं. (जंगलातही रविवार असतो. त्या दिवशी कोल्हा उशिरा उठतो.) बेत साधाच. भाजलेले कंद, उंबरं आणि वर थोडा मध. कंद जरा कच्चे होते. मध छान होता. बाळकोबा जेवला, सावलीत झोपला, उठून घरी गेला.

एवढंच घडलं. हे नीट लक्षात ठेवा. कारण यापुढे ते जंगलात कोणाच्याच लक्षात राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळकोबा नदीवर पाणी प्यायला गेला. तिथे यमूताई टिटवी उभ्या होत्या. यमूताईंना कोणी कधी जेवायला बोलवत नसे. त्यामुळे त्यांना इतरांच्या जेवणांची फार काळजी.

"कसं झालं जेवण?" यमूताईंनी विचारलं.

"बरं झालं की."

"नुसतं बरं? काही लपवतोयस तू. मध आधी कोणाला वाढला?"

बाळकोबाने आठवून पाहिलं. "सर्जेरावला, वाटतं."

"वाटतं ना? मग वाढलाच असणार. आणि तुला कुठे बसवलं होतं? धुराकडे?"

"धूर होता खरा थोडा..."

"अरेरे!" यमूताई म्हणाल्या, आणि डोळे मिटून गप्प उभ्या राहिल्या. त्या गप्प राहिल्या की ऐकणाऱ्याला आणखी वाईट वाटे.

दुपारपर्यंत बाळकोबाच्या डोळ्यांना तो धूर चांगलाच झोंबू लागला. तिन्हीसांजेला त्याला आठवलं की आक्काने मधाची वाटी त्याच्या नाकासमोरून पुढे नेली होती. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला अगदी स्पष्ट आठवलं की त्या वेळी ती हसली होती.

त्याचे काटे ताठ झाले. अंथरुणाची पार चाळण झाली.

त्याने आक्काच्या गुहेवरून जाणं सोडलं. ती लांबून हाक मारी, "बाळकोबा, ए बाळकोबा!" तो माती उकरत असल्याचं सोंग करी. काही दिवसांनी तिने हाक मारणंही सोडलं.

मग थंडी पडली. बाळकोबा बिळात एकटाच गोळा होऊन बसे. त्याला वाळलास म्हणणारं कोणी नव्हतं, आणि आता तर तो खरोखरच वाळला होता.

एक दिवस सर्जेराव झाडावरून खाली टपकला. हा स्वभावाने आनंदी. जांभई दिली तरी त्याला मजा येई.

"बाळकोबा, काय धमाल आली होती रे त्या दिवशी!" तो म्हणाला. "तू ते गाणं म्हटलंस काय, आक्का गडबडा लोळली काय!"

"मी गायलो?"

"गायलास म्हणजे! वर वाघोबाची नक्कलही केलीस."

बाळकोबाने डोळे मिटले. आश्चर्य म्हणजे त्याला हळूहळू चालही आठवू लागली. इतकी सुंदर दुपार, आणि आपण आक्काशी बोलत नाही? तो उठला आणि गाणं गुणगुणत तडक तिच्या गुहेकडे निघाला.

आक्का दारातच बसली होती. तिने तोंड फिरवलं.

"कच्चे कंद खायला आलास का पुन्हा? यमूताईंनी सांगितलंय मला सगळं. तू पान बाजूला सारलं होतंस. माझ्या डोळ्यांसमोर आहे ते."

"मी सारलं? तूच मला धुरात बसवलंस आक्का!"

"धुरात? अरे, चूल तर मागच्या अंगाला होती!"

"मग मधाची वाटी?"

"तूच तर चाटूनपुसून लख्ख केलीस ती!"

"बरं, पण माझं गाणं तरी आठवतंय ना तुला?"

आक्का त्याच्याकडे बघतच राहिली. "गाणं कुठलं? तू जेवलास आणि झोपलास. मेल्या, घोरत होतास!"

मग आधी आक्काचं पोट हललं. मग बाळकोबाचे काटे खुळखुळले. मग दोघं इतकी हसली की डोंगरापलीकडे माकडांना वाटलं, भूकंप झाला. आक्काने त्याला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "वाळलास रे!" या वेळी ते खरं होतं.

"त्या यमूताईंना चांगलं सुनावायला हवं," बाळकोबा म्हणाला.

"नको," आक्का म्हणाली. "त्यांना जेवायला बोलवू. बिचारीला स्वतःचं असं आठवायला काहीच नाही."

यमूताई आल्या. एका पायावर अवघडून उभ्या राहिल्या. चार किडे खाल्ले, पाणी प्यायल्या, "येते" म्हणाल्या आणि गेल्या. जेवण अगदी साधं झालं.

सकाळी त्या बाळकोबाच्या बिळापाशी हजर. रात्रभर झोपल्या नव्हत्या.

"बाळकोबा, खरं सांग हो. मी निघाले तेव्हा आक्का हसली. मलाच हसली ना ती?"

बाळकोबाच्या जिभेवर बरंच काही आलं. धूर आला, वाटी आली, बिळातली ती थंडी आली. त्याने सगळं गिळलं.

"तुम्हालाच हसली," तो म्हणाला. "तुमच्या त्या गमतीला. काय बोललात हो तुम्ही! आक्का अजून सांगत सुटलीय सगळ्यांना."

यमूताईंनी मान वर केली. "असं? मी गंमत केली?" त्या क्षणभर थांबल्या. "हो, केली खरी. मला असं चटकन सुचतंच."

आणि त्या पंख पसरून, उभ्या जंगलाला ती गंमत सांगायला उडाल्या.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं तेच आठवावं, असं तुम्हाला शाळेत सांगतील. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. एरवी जेवायला कोणाकडेही जा, कंद कच्चे असले तरी चालतील. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी प्यायला कोणाच्या शेजारी उभं राहायचं, ते आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.