लंबोजीचा एकुलता एक सभासद

ए ऐक ना, ऐक! तो मोबाईल पालथा ठेव आधी. काय झालंय माहितीये का, तुझा विश्वासच बसणार नाही. थोडा वेळ तू लहान बाळ हो. मांडी घालून बस, बोट तोंडात घातलंस तरी चालेल. हां, अस्सं. तर बाळा, एका जंगलात...

एका जंगलात एक वानर राहायचा. लंबोजी त्याचं नाव. काळं तोंड, लांबच लांब शेपूट आणि आवाज असा, की पलीकडच्या डोंगरावरचं अस्वल झोपेत कूस बदलायचं.

लंबोजीचं घराणंच ओरडणाऱ्यांचं. ऐनाच्या झाडावर उंच बसायचं, पाला खायचा आणि बिबट्या दिसला की 'खॅक्! खॅक्-खॅक्!' करायचं. संपलं काम. ज्याच्या कानावर पडलं तो पळाला. ज्याच्या नाही पडलं, त्याची कधी तक्रार आली नाही.

झाडाखाली पुतळामावशी चरायची. म्हातारी चितळीण, मागचा एक पाय अधू. लंबोजी अर्धा पाला खायचा नि अर्धा सांडायचा. सांडलेला मावशी खायची. हा जंगलातला जुना रिवाज आहे बाळा. वरच्याने सांडायचं आणि ओरडायचं, खालच्याने खायचं आणि पळायचं. मावशीला पळायला जरा वेळ लागायचा, म्हणून लंबोजी तिच्यासाठी थोडं आधीच ओरडायचा.

"लंब्या, कोवळा सांड रे जरा. दात कुठं राहिलेत माझे?"

"मावशी, ही काय मेस आहे का? पडेल ते गिळा."

असं छान चाललं होतं. आणि मग घुमणेसर आले.

घुमणेसर म्हणजे पारवा. शहरात एका ऑफिसच्या खिडकीबाहेर, एसीच्या पेटीवर त्यांचा मुक्काम होता. आतल्या सगळ्या मीटिंगा त्यांनी काचेला चोच लावून ऐकल्या होत्या. त्यामुळे त्यांना सगळं कळायचं. फक्त काचेमुळे अर्धं कळायचं.

सरांनी लंबोजीचं ओरडणं ऐकलं आणि मान आत-बाहेर करत म्हणाले, "हे तुम्ही कुणाला विचारून ओरडता?"

लंबोजी गडबडला. "बिबट्या दिसल्यावर विचारणार कुणाला? बिबट्याला?"

"समजा, एखाद्याला नसेल ऐकायचं. त्याची इच्छा नाही. तरी तुम्ही त्याच्या कानात घुसता. शहरात याला काय म्हणतात माहितीये?"

"काय?"

"फार वाईट म्हणतात."

लंबोजीला एकदम कसंतरीच झालं. इतकी वर्षं आपण लोकांच्या कानात घुसत होतो, आणि कुणी बोललंसुद्धा नाही!

सभा भरली. आता सभेत कसं असतं, कुणी विचारलं की प्रत्येकाला दुखणं आठवतं. रानडुक्कर म्हणाला, माझी चिखलातली दुपारची झोप मोडते. ससीण म्हणाली, पिल्लं दचकतात हो, दूध ओकतात. मोर म्हणाला, आवाजाला सूर नाही. लंबोजीचं तोंड होतं त्यापेक्षा काळं झालं. त्याने तिथल्या तिथे शेपटीची शपथ घेतली, "ज्याने ऐकायला होकार दिला नाही, त्याच्या कानात मी ओरडणार नाही."

वानरांत शेपटीची शपथ म्हणजे खेळ नाही. मोडली की शेपूट गळून पडते म्हणतात. गळलेली कुणी पाहिली नाही, पण मोडून बघायची हिंमतही कुणी केली नाही.

पुतळामावशी सभेच्या कडेला उभी होती. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आता मला कसं कळायचं?"

"सोय करतो ना!" घुमणेसर छाती फुगवून म्हणाले.

पाणवठ्यापाशी एक पांढरा खडक होता. सर म्हणाले, इथे लंबोजी चिखलाने मजकूर टाकेल. ज्याला हवं त्याने यावं, वाचावं, जावं. कुणाच्या कानाला धक्का नाही. लंबोजीने पहिल्याच दिवशी शेपटीने मस्त बिबट्या काढला, ठिपक्यांसकट. बघायला ही गर्दी! "काय काढलाय!" "मिशा तर बघ!" लंबोजी दिवसभर फांदीवर नुसता लाजत होता. ओरडायचा तेव्हा कुणी 'काय ओरडलास' म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निम्मी गर्दी. तिसऱ्या दिवशी फक्त मावशी.

ती लंगडत लंगडत आली, खडकाकडे बघितलं आणि म्हणाली, "लंब्या, हा कालचाच ना रे? नवीन कधी टाकतोस ते कळलं तर बरं. रोज एवढं चालून यायचं आणि बघायचा शिळा बिबट्या!"

पॉइंट होता मावशीचा.

"वाचक येतो आणि जातो," सर म्हणाले. "त्याला धरून ठेवायला दोन मार्ग असतात. पहिला मुंग्यांचा. खडकावर नवीन काही आलं की मुंग्या त्याची कणकण माती उचलणार आणि रांगेने जंगलभर नेणार. ज्याला हवं त्याने आपल्या दाराशी रांग वळवून घ्यावी. नाव नको, गाव नको. सवडीने बघावं."

"आणि दुसरा?"

"दुसरा आमचा. तुम्ही पत्ता द्या, आमचा पारवा घरपोच येईल, अंगावर बसेल आणि मजकूर मोठ्याने म्हणून दाखवेल. तुम्ही 'पोचलं' म्हणेपर्यंत म्हणतच राहील. म्हणजे बुडणार काहीच नाही."

मुंग्यांचा मार्ग फार सुंदर होता. फक्त तो वापरायचा कसा, हे कुणालाच समजलं नाही. रांग वळवायची म्हणजे नक्की काय करायचं? रानडुकराने फुंकर मारली, त्या नाकात गेल्या. एकटं खवल्या मांजर तेवढं नियमितपणे रांगेपाशी यायचं. सगळी रांग पहिल्यापासून शेवटपर्यंत चाटून पुसून संपवायचं आणि म्हणायचं, "आजचा मजकूर जरा आंबट होता, पण छान."

राहिला पारव्यांचा मार्ग. तिथे ही झुंबड! ससीण, मोर, रानडुक्कर, सगळ्यांनी पत्ते दिले. प्रत्येकाच्या घरी पारवा गेला आणि विचारलं, "तुम्हीच का ते?" त्यांनी हो म्हटलं की झाले सभासद पक्के.

मावशीची पाळी आली.

"पत्ता?"

"गवत असेल तिथं."

"तो पत्ता नाही झाला, मावशी. घर कुठे तुमचं?"

"अरे, मी चितळीण. आम्ही घर कधी केलं? आज इथं, उद्या ओढ्यापलीकडं."

"मग पारवा 'तुम्हीच का त्या' हे विचारायला येणार कुठे?"

"आत्ताच विचार की! समोरच तर उभी आहे मी."

"असं कसं? घरी येऊन विचारावं लागतं. पद्धत आहे ती," सर म्हणाले आणि मावशीला अर्धवट सभासद करून टाकलं. अर्धवट म्हणजे काय, तर तिची इच्छा कळली, पण होकार पोचला नाही.

लंबोजी वरून बघत होता. त्याने नुसता शेपटीवरून हात फिरवला.

सगळ्यात शेवटी एक गृहस्थ आले. पिवळा अंगरखा, काळे ठिपके, बोलणं एकदम मऊ.

"नमस्कार. मलाही सभासद व्हायचंय. कपारीत राहतो, औदुंबराच्या मागे. कायमचा पत्ता आहे."

बिबटेसाहेब!

लंबोजी सरांच्या कानाशी लागला. "सर, अहो, बातमी याच्याबद्दल आहे!"

"मग त्याला किती रस असेल विचार करा," सर म्हणाले.

आणि खरंच, बाळा, बिबटेसाहेबांसारखा सभासद नाही. सकाळी पारवा गेला, 'बिबट्या ओढ्याकाठी' असं म्हणाला, की साहेब 'पोचलं, थँक्यू' म्हणायचे आणि उठून टेकडीवर जायचे. बाकीची जनावरं 'ओढ्याकाठी' ऐकून ओढा टाळायची आणि टेकडीवर जायची. पुढचं सांगत नाही, लहान आहेस तू.

त्यात घुमणेसरांचा उत्साह वाढला. रोज एक निरोप कसा पुरेल? मग 'आज काही नवीन नाही' हे कळवायला पारवा. 'कालचा निरोप आवडला का?' विचारायला पारवा. 'बऱ्याच दिवसांत तुम्ही पोचलं म्हणाला नाहीत, रागावलात का?' म्हणून पारवा. ससिणीने बिळाच्या तोंडात गवत कोंबलं. रानडुक्कर नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून चिखलात बुडून राहायला लागला. मोर तर जंगल सोडून देवळात गेला राहायला.

शेवटी उरला एकच सभासद. रोज ऐकणारा, रोज 'पोचलं' म्हणणारा. एकदा तर त्याने सुधारणाही सुचवली होती, "माझे ठिपके मोजून काढत जा, तुम्ही कमी काढता."

लंबोजीला रडावं की नाचावं कळेना. एक तरी मन लावून वाचतोय!

आणि मग तो दिवस उजाडला.

लंबोजी ऐनावर पाला खात होता. खाली मावशी चरत होती. "आज कोवळा आहे रे," म्हणत होती. आणि करवंदीच्या जाळीत, मावशीच्या अगदी मागे, पिवळं काहीतरी हललं. ठिपके. साहेब जमिनीला पोट लावून दबा धरून बसलेले. मधे अंतर एका उडीचं.

लंबोजीच्या छातीत 'खॅक्' आलं. गळ्यात आलं. दातांपर्यंत आलं.

शेजारच्या फांदीवर घुमणेसर होते. "होकार नाहीये त्यांचा," ते हळूच म्हणाले. "शेपूट."

लंबोजीने 'खॅक्' गिळलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "मग करू काय सर? मरतेय माझी मावशी!"

"टाका ना मजकूर! नवीन मजकूर आहे हा!"

लंबोजी सुटला, मागोमाग सर. या फांदीवरून त्या फांदीवर, धाडकन खडकावर. चिखलात शेपूट बुचकळली, बिबट्या काढला, मावशी काढली, जाळी काढली. मुंग्या निघाल्या. खवल्या मांजराने त्या वाटेतच वाचून टाकल्या.

"सर, उडा लवकर!"

"शीर्षक?"

"कसलं शीर्षक? बिबट्या मावशीच्या मागे!"

"छे, असं सगळं आधीच सांगून टाकलं तर पुढे ऐकेल कोण? थांबा, मी करतो," म्हणून सर उडाले. सभासद उरला होता एकच. घरी नव्हता, पण कुठे होता ते निरोपातच होतं. सर सरळ करवंदीच्या जाळीत शिरले, साहेबांच्या डोक्यावर बसले आणि गळा फुगवून म्हणाले,

"मावशीच्या मागे कोण दडलंय? ऐकून थक्क व्हाल!"

साहेब हलेनात. हलणार कसे? दबा धरून बसले होते ना. 'पोचलं' म्हणावं तर आवाज होणार. न म्हणावं तर...

"मावशीच्या मागे कोण दडलंय? ऐकून थक्क व्हाल!" सर दुप्पट आवाजात म्हणाले.

मावशीने चरता चरता मान वर केली. "कोण रे दडलंय?"

"हे फक्त सभासदांसाठी आहे, मावशी," सर जाळीतून म्हणाले. "मावशीच्या मागे कोण..."

"पोचलं!" साहेब दात आवळून पुटपुटले. "पोचलं रे बाबा, पोचलं!"

मावशीने तो आवाज ओळखला. आणि बाळा, तो अधू पाय काय पळाला म्हणून सांगू! साहेबांनी उडी मारली, पण डोळ्यांवर घुमणेसर पंख पसरून बसले होते आणि विचारत होते, "निरोप उपयुक्त वाटला का?"

दुसऱ्या दिवशी साहेब ऐनाखाली आले. उपाशी, डोक्यावर पारव्याची शिट. "मला सभासद राहायचं नाहीये. बंद करा हे."

"करा की," सर म्हणाले. "बंद करायची खूण त्या शेंड्यावरच्या पानावर आहे. पानाला पंजा लावा, की झालात मोकळे."

साहेब चढले. शेंडा वाकला. साहेब खाली आले, पाठीवर. परत चढले. परत खाली.

मग ते हात जोडून लंबोजीला म्हणाले, "लंबोजीराव, तुम्ही आपले पूर्वीसारखे ओरडा ना. मी काही बोलणार नाही. निदान तुम्ही ओरडून गप्प तरी बसायचात. हा कुठेही जा, डोक्यावर येऊन बसतो हो! नाहीतर ते पान तरी काढून द्या खाली."

लंबोजी विचारात पडला. पान दिलं, तर साहेब सुटले. मग निरोप ऐकायला कुणीच नाही, आणि मावशी गेली. ओरडावं, तर शेपूट गेली. लांब झाडीआडून मावशी बघत होती. तिला भूक लागली होती, पण पुढे यायची हिंमत होत नव्हती.

लंबोजी सरसर शेंड्यावर गेला. ते पान तोडलं. साहेबांनी आशेने तोंड वर केलं.

लंबोजीने ते पान अर्धं खाल्लं. आणि अर्धं रिवाजाप्रमाणे सांडलं. ते वाऱ्यावर तरंगत तरंगत साहेबांच्या डोक्यावरून गेलं आणि बरोबर मावशीच्या पुढ्यात पडलं.

"कोवळं आहे रे!" मावशी म्हणाली.

तात्पर्य : मित्रांना कळवायच्या भानगडीत पडू नये. शत्रूला मात्र नियमित कळवत राहावं, म्हणजे मित्रांना आपोआप कळतं. आणि सुटायची वाट पानावर लिहून ठेवायची असेल, तर पान कोवळं निवडावं.

आता बोट काढ तोंडातून आणि खरं सांग. तिथे वर बसून, एका हातात स्वतःची शेपूट आणि डोळ्यांसमोर मावशी, अशा वेळी तू काय केलं असतंस?