मडावींची टेप

पहिल्याच भेटीत, साधा नमस्कारही व्हायच्या आत, मडावींनी माझ्या छातीभोवती टेप गुंडाळली. मी नुकताच बदली होऊन आलेला शिक्षक, हातात अजून बॅग. "श्वास सोडा गुरुजी," ते म्हणाले. "झाड काई श्वास धरून उभं राह्यत नाई." मी निमूट श्वास सोडला. "चौऱ्याण्णव," त्यांनी जाहीर केलं आणि दोन बोटांनी पाठ ठोकून पाहिली. "सागवान नाई. सालईचं लाकूड आहा तुमी. पेट्या कराले बरी."

हे माझे शेजारी. तेंदूबर्डी हे वर्धा जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाचं गाव. छोटी रेल्वेगाडी केव्हाच बंद पडली, मोठ्या लाईनचं नुसतं मोजमाप चाललंय, जंगलखात्याचा लाकूड डेपो तेवढा जिवंत आहे. त्या डेपोत मडावींनी जन्मभर सागाची गोलाई मोजली. निवृत्त झाल्यावर झाडं सुटली, टेप काही सुटली नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते गल्लीतली माणसं मोजतात. बाईमाणसाच्या हातात टेप देतात आणि आपण भिंतीकडे तोंड करून आकडा विचारतात. एका लग्नात त्यांनी बोहल्यावरच्या नवरदेवाची पाठ ठोकून "जरा पोकळ वाटते" असं सांगितलं. वऱ्हाडी भरल्या पानावरून उठले, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. का मोजता म्हणून विचारलं तर एकच उत्तर, "मोजलेलं बरं राह्यते बाप्पा."

गेल्या महिन्यात मात्र कहर झाला. आकड्यांची वही उंदरांनी खाल्ली म्हणून त्यांनी पहाटे उठून प्रत्येकाचा आकडा आठवून त्याच्या दारावरच गेरूनं लिहिला, डेपोत ओंडक्यावर लिहितात तसा. आता आमच्या गावात दारावर लाल आकडा म्हणजे एकच अर्थ, घर रेल्वेच्या मोठ्या लाईनमध्ये गेलं, आता पाडणार! सकाळी गल्लीत रडारड. समोरच्या वच्छलाबाईंनी देवसुद्धा डब्यात भरले. मी तर भाडेकरू, तरी बॅग भरायला घेतली.

खरा प्रकार कळल्यावर गल्ली खवळली. "गुरुजी, त्याइची टेप घेऊन या," वच्छलाबाई कडाडल्या. "आज चुलीतच घालतो."

मी तावातावानं गेलो. मडावी खाटेवर बसून टेप पुसत होते. "ती टेप इकडं द्या," मी हात पुढे केला. त्यांनी आतल्या खोलीच्या चौकटीकडे बोट दाखवलं. तिथंही गेरूचे आकडे होते, जुने, एकाखाली एक. अठ्ठ्याऐंशी. पंच्याऐंशी. एक्क्याऐंशी. सगळ्यात खाली चौसष्ट.

"कोणाचे?"

"माह्या गेलेल्या घरवालीचे. पयले गमतीनं मोजत होतो." ते थोडं थांबले. "झाड वाढते नं गुरुजी. सारी नोकरी मोजत राह्यलो, एकबी झाड कमी झालेलं नाई पाह्यलं. मले वाटलं टेपच खराब झाली. नागपूरहून नवी आनली. तेबी कमीच दाखवे. तवा कुठं वर्ध्याले नेलं तिले. डाक्टर म्हने, आधी काऊन नाई आनलं?"

ज्या माणसाला वर्षभर हसलो, त्याच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटली. पुढे केलेला हात मी मागे घेतला.

बाहेर सगळे वाट पाहत होते. वच्छलाबाई ओल्या फडक्यानं दार घासत होत्या. आत ऐकलेलं मी जसंच्या तसं सांगितलं.

मग वच्छलाबाईंनी फडकं बादलीत टाकलं. "अन् त्याइले कोन मोजते?" त्यांनी विचारलं.

त्यांनी पदर खोचला आणि त्या मडावींच्या दाराकडे निघाल्या.